एका पंगतीचा उपासक : कर्मवीर भाऊराव पाटील

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



इतिहासातील सर्वाधिक आदरणीय व्यक्ती कोणती, असा प्रश्न समोर ठेवला की अनेक नावे डोळ्यांपुढे उभी राहतात. राज्यवैभवाचा त्याग करून श्रवणबेळगोळच्या टेकडीवर सल्लेखना घेणारा चंद्रगुप्त मौर्य आपल्या परंपरेने आपल्याला दिला. कलिंगाधिपती खारवेल आहे, कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्य आहेत, १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत जैन दर्शनाची बाजू मांडणारे वीरचंद राघवजी गांधी आहेत. या सर्वांपुढे मस्तक नम्र होतेच. परंतु दूरच्या शिखराला हात जोडणे तुलनेने सोपे असते; त्या शिखराकडून आपल्याला जाब विचारला जाण्याची भीती नसते. ज्याचा जन्म आपल्याच परिसरात झाला, जो आपल्याच संस्कारांत वाढला, ज्याला प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आजही हयात आहेत, अशा पुरुषाचा आदर करणे मात्र कठीण असते, कारण त्याच्या जीवनात आपले प्रतिबिंब पाहावे लागते. असा एक पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. त्यांच्या शाळांविषयी पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले आहे. येथे प्रामुख्याने विचार करावयाचा आहे तो त्यांच्या स्वयंपाकघराचा.

हे विधान काहींना विचित्र वाटेल. परंतु श्रावकाच्या आचारधर्मात आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत, हे येथील आबालवृद्धांना ठाऊक आहे. आपण त्यांचे चार स्वतंत्र कप्पे करून टाकले. अन्नछत्र वेगळे, दवाखाना वेगळा, पाठशाळा वेगळी. खेड्यातील दरिद्री शेतकऱ्याच्या मुलाला शिक्षण मिळत नाही याचे कारण केवळ शाळेचा अभाव हे नसून, शाळेच्या गावी त्याला राहावयास जागा नाही आणि खावयास भाकरी नाही, हे भाऊरावांनी ओळखले. ज्ञानदान करावयाचे असेल तर आधी आहारदान केले पाहिजे, आणि ते असे केले पाहिजे की घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. त्यांनी शाळेपूर्वी वसतिगृह काढले, आणि वसतिगृहातही सर्वांत महत्त्वाची जागा मानली ती पंगतीची. त्यांच्या थोरवीचे सारे रहस्य या एका निर्णयात साठवलेले आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. बाहुबलीच्या डोंगरामुळे कुंभोजचे नाव आज दक्षिणेतील प्रत्येक जैन घराला परिचित आहे. मूळ घर सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथील. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते, आई गंगाबाई धर्मपरायण गृहिणी. घरातील वातावरण सनातनी श्रावकाचे, सोवळेओवळे कडक. अशा घरातील हा मुलगा अंगापिंडाने धिप्पाड, स्वभावाने बेडर आणि अभ्यासात जेमतेम निघाला. अस्पृश्य मानलेल्या लोकांना पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्याने विहिरीचा रहाट मोडून टाकल्याची आठवण चरित्रकारांनी नोंदवली आहे. ही आठवण पुढच्या साऱ्या आयुष्याशी सुसंगत आहे. पुस्तके त्याला फारशी जवळची वाटली नाहीत. अन्याय मात्र त्याच्या नजरेतून कधी सुटला नाही.

माध्यमिक शिक्षणासाठी तो कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात आला आणि जैन वसतिगृहात राहू लागला. त्या काळचे कोल्हापूर समजून घेतल्याशिवाय पुढील प्रसंगाचा अर्थ नीट कळणार नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी आरंभी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह चालवून पाहिले होते. परंतु ते थोड्याच काळात एका वर्गाच्या विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. तेव्हा महाराजांनी व्यवहारचातुर्याने दुसरा मार्ग धरला, आणि प्रत्येक समाजाने आपापले वसतिगृह काढावे म्हणून जागा, पैसा व प्रोत्साहन दिले. १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशी वसतिगृहे उभी राहत गेली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. या वसतिगृहांनी बहुजन समाजाच्या पहिल्या शिकलेल्या पिढ्या घडवल्या, हे ऋण विसरता येणार नाही. पण प्रत्येक वसतिगृहाला आपापल्या समाजाचा उंबरठा होता, आणि त्या उंबरठ्याच्या आत त्या त्या समाजाचे सोवळेही होते.

जैन वसतिगृहाची धुरा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे सामान्य गृहस्थ नव्हते. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीतील ते अग्रणी, इंग्रजीचे गाढे विद्वान, पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि १९३७ च्या मुंबई मंत्रिमंडळातील अर्थमंत्री. शिस्तीचे कठोर आणि समाजाच्या उन्नतीचा ध्यास घेतलेले. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला हा पाटलांचा मुलगा हजर राहिला. परत आल्यावर भोजनगृहात जाण्यापूर्वी त्याने स्नान करावे, असा नियम त्याला सांगण्यात आला. त्याने साफ नकार दिला. मनुष्याच्या सान्निध्याने मनुष्य विटाळतो, ही गोष्टच त्याला मान्य नव्हती. अखेर त्याला वसतिगृह सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्याला आपल्या आश्रयाला घेतले, आणि तेथे त्याला महाराजांचा सहवास घडला.

आज जैन समाजाच्या कितीतरी संस्थांच्या भिंतींवर कर्मवीरांची तसबीर मोठ्या अभिमानाने लावलेली दिसते, आणि ते योग्यच आहे. परंतु ती तसबीर लावताना एवढे स्मरण असावे, की हा पुरुष घडला तो आपल्या वसतिगृहाच्या पंगतीतून उठून गेल्यामुळे. यात लठ्ठ्यांना दोष देण्याचे कारण नाही. वसतिगृह समाजाच्या देणगीवर चालत होते, आणि देणगीदारांच्या भावना सांभाळणे हे व्यवस्थापकाचे कर्तव्यच असते. ज्यांनी ज्यांनी संस्था चालवल्या आहेत त्यांना ही कोंडी ठाऊक आहे. शिस्त मोडणाऱ्या मुलाला क्षमा केली तर देणगीदार दुरावतात, आणि शिस्त पाळली तर कधीकधी एखादा भाऊराव दाराबाहेर जातो. तो भाऊराव आहे हे त्या वेळी कोणाला ओळखू येत नाही, ही यातील खरी अडचण आहे.

शालेय शिक्षण तेथेच संपले. गणित विषयाने त्यांचा घात केला. स्वतः महाराजांनी गणिताच्या शिक्षकांकडे शब्द टाकला, तेव्हा त्या बाणेदार गुरुजींनी उत्तर दिले म्हणे, की भाऊराव ज्या बाकावर बसतो तो बाक वरच्या वर्गात पाठवीन, पण भाऊरावाला पाठवणार नाही. ही आख्यायिका सांगताना श्रोत्यांत नेहमीच हशा पिकतो. परंतु तिच्यातील दोन्ही माणसे मोठी आहेत हे लक्षात घ्यावे. छत्रपतींना नाही म्हणणारा शिक्षक त्या काळी कोल्हापुरात होता, आणि नापास होऊनही शिक्षणाचा द्वेष न करणारा विद्यार्थीही होता.

आता जो प्रसंग सांगावयाचा आहे, त्याच्यासाठीच खरे म्हणजे या भाषणाचा प्रपंच आहे. १९१४ साली कोल्हापुरातील एडवर्ड बादशहाच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. इंग्रजी अमलात हा केवढा मोठा गुन्हा, हे सांगावयास नको. संशय लठ्ठे यांच्यावर घेण्यात आला. या सुमारास दरबाराशी त्यांचे बिनसलेले होते. त्यांच्याविरुद्ध साक्षीदार हवा होता. शोधणाऱ्यांना तो हाताशीच सापडला असे वाटले, आणि तो म्हणजे भाऊराव. ज्या मुलाला लठ्ठ्यांच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले, त्याच्या मनात सूडभावना असणारच, असा साधा हिशेब कोणीही केला असता. भाऊरावांना पकडण्यात आले. लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण आणले गेले, त्यांचा छळ झाला. तो छळ इतका असह्य झाला की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण खोटी साक्ष त्यांनी दिली नाही. शेवटी त्यांची सुटका झाली.

बंधुभगिनींनो, सत्याणुव्रताचे स्पष्टीकरण आपण पर्युषणात आणि दशलक्षण पर्वात दरवर्षी ऐकतो. स्थूल असत्य न बोलणे, खोटी साक्ष न देणे, अशी त्याची व्याख्या आहे. भाऊरावांनी सोवळे मोडले आणि भोजनगृहाचा नियम मोडला, म्हणून तत्कालीन समाजाच्या दृष्टीने ते धर्मभ्रष्ट झाले होते. पण ज्याने आपल्याला पंगतीतून उठवले त्याच्या अब्रूसाठी प्राणांतिक छळ सोसणे, याला श्रावकधर्म म्हणावयाचे नाही तर कशाला म्हणावयाचे? व्रत कोणी मोडले आणि कोणी पाळले, याचा निवाडा करणे वाटते तितके सोपे नाही. भाऊरावांच्या जीवनात पुढे जे भव्य कार्य घडले त्याचा पाया या एका नकारात आहे. स्वतःच्या मानापमानाचा हिशेब न ठेवण्याची शक्ती तेथे प्रकट झाली, आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षे संस्थेसाठी दारोदार झोळी फिरवताना तीच शक्ती त्यांच्या कामी आली.

कोठडीतून सुटल्यावर उदरनिर्वाहासाठी त्यांनी ओगले यांच्या काच कारखान्याचा माल विकला आणि नंतर किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याचे काम पत्करले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या वेळी शेतकऱ्यांची समजूत होती. तिच्याशी झुंजत खेडोपाडी फिरताना भाऊरावांना महाराष्ट्राची रयत अंतर्बाह्य दिसली. नांगराची किंमत वाचता येत नाही, सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे ते कळत नाही, आणि अंगठा उठवून पिढीजात जमीन जाते, हे त्यांनी ओसरीवर बसून पाहिले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचाराने त्यांच्या या अनुभवाला दिशा दिली. पुढे साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या नांगराच्या कारखान्याच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला, परंतु तेथेही मतभेद होऊन ते बाहेर पडले. धनसंचयाची संधी त्यांच्या दाराशी आली होती. व्यापारउदीम करणाऱ्या आपल्या समाजाला ही गोष्ट विशेष जाणवावी, की हा मनुष्य उत्तम विक्रेता होता. लोखंडी नांगर विकणारी त्याची वाणी त्याने पुढे शिक्षणाच्या प्रचारासाठी वापरली, एवढाच फरक.

नोकरी करीत असतानाच वसतिगृहांचे प्रयोग सुरू झाले होते. १९१० च्या सुमारास दूधगाव येथे स्थानिक सहकाऱ्यांच्या साह्याने विद्यार्थी आश्रम निघाला. नंतर ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची गोडी उत्पन्न करणे आणि गरीब मुलांना विनामूल्य शिक्षण देणे, हे संस्थेचे उद्देश होतेच. त्यांच्या बरोबरीने निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांत प्रेमभाव निर्माण करणे, हाही उद्देश लिहून ठेवला होता. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि वसतिगृह सुरू झाले.

शाहू महाराज १९२२ साली निवर्तले होते. त्यांनी प्रत्येक समाजाला स्वतंत्र वसतिगृह दिले; भाऊरावांनी सर्व समाजांना एक वसतिगृह दिले. गुरूने रचलेल्या पायरीवर शिष्याने पुढचे पाऊल ठेवले, असे म्हणावे लागेल. त्या काळच्या जातिनामांनी सांगायचे तर मराठा, महार, मांग, चांभार, रामोशी, जैन आणि मुसलमान अशा सर्व घरांची मुले तेथे एका छपराखाली झोपत, पाळीपाळीने पाणी भरीत, भाकरी भाजीत आणि एका ओळीत बसून जेवीत. ज्या समारंभावरून परतल्यावर स्नान करावयास सांगितले म्हणून भाऊराव एका भोजनगृहातून बाहेर पडले, त्याच मुलांना त्यांनी आपल्या भोजनगृहात बोलावले. १९२७ साली फेब्रुवारी महिन्यात महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एकत्र जेवताना पाहून गांधीजींना मोठा संतोष वाटला, आणि पुढे हरिजन सेवक संघाकडून वसतिगृहाला वार्षिक मदतही मिळू लागली. १९३२ च्या पुणे करारानंतर पुण्यात काढलेल्या वसतिगृहाला भाऊरावांनी ‘युनियन बोर्डिंग’ असे नाव दिले. ऐक्याची कल्पना भाषणात न ठेवता ती जेवणाच्या ताटापर्यंत नेणे, ही त्यांची रीत.

परंतु या पंगतीला वाढत कोण होते? येथे सौभाग्यवती लक्ष्मीबाई पाटील यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. लक्ष्मीबाई कुंभोजच्या सुखवस्तू जैन घराण्यातील कन्या. माहेरी सोन्यानाण्याने मढवून पाठवलेली. व्रतवैकल्ये, देवदर्शन, सोवळे यांत वाढलेली. शिवलेले चालत नाही अशा संस्कारातील या स्त्रीच्या चुलीपाशी एके दिवशी पतीने नाना जातींची मुले आणून बसवली. भाऊरावांना विचार पटला होता, वाचनाने आणि अनुभवाने. लक्ष्मीबाईंना तो कोणी समजावून सांगितला होता? समजावण्यास वेळ तरी कोठे होता? मुले भुकेली होती, एवढे त्यांना दिसत होते. त्यांनी परातीत पीठ घेतले. मुले त्यांना ‘वहिनी’ म्हणू लागली आणि भाऊरावांना ‘अण्णा’. आजारी मुलाची शुश्रूषा, फाटलेल्या सदऱ्याला टाके, घरच्या आठवणीने रडणाऱ्या लहानग्याची समजूत, हे सारे वहिनींकडे आले. अभ्यासकांनी भाऊरावांच्या विचारांवर ग्रंथ लिहिले; वहिनींच्या या परिवर्तनाचा मागोवा घेणारे लेखन त्या मानाने थोडे झाले. पुरुषाने घराबाहेर केलेल्या क्रांतीची किंमत घरातील स्त्री चुकती करते, आणि तिची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

वसतिगृहातील धान्य संपले की वहिनींचा एक दागिना जाई. असे एकामागून एक सारे दागिने गेले. बाहेरून मदत येत असे, पण ती अपुरी पडे. गावोगावच्या बायका दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत, आणि असे मुष्टिधान्य गोळा करून वसतिगृहाची कोठी भरली जाई. अशाच एका टंचाईच्या प्रसंगी अण्णा गावाला गेलेले होते, कोठी रिकामी होती, आणि सण तोंडावर आला होता. वहिनींजवळ विकण्यासारखे काही उरले नव्हते. उरले होते फक्त गळ्यातले मंगळसूत्र. त्यांनी ते काढून दिले आणि मुलांना जेवू घातले.

त्या काळातील सुवासिनीच्या मनात मंगळसूत्र उतरवण्याचा अर्थ काय होता, हे या सभेतील माताभगिनींना सांगण्याची आवश्यकता नाही. अपरिग्रहावर प्रवचने पुष्कळ होतात. परिग्रहपरिमाण व्रत घेऊन वस्तूंची संख्या मोजणारे श्रावकही आहेत, आणि त्यांची निष्ठा वंदनीय आहे. वहिनींनी कोणते व्रत घेतल्याचे ऐकिवात नाही. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेचे मोठे वैभव पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांनी पाहिली ती फक्त ओढाताण. भाऊराव तेव्हा ४२ वर्षांचे होते.

वहिनींच्या पश्चात त्यांनी संस्थेलाच संसार मानले. खादीचे जाडेभरडे कपडे, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, अशा वेषात ते महाराष्ट्रभर हिंडले. आपल्या मुलांना अन्न फुकट मिळू नये, याविषयी ते विलक्षण दक्ष होते. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य त्यांनी संस्थेच्या माथी कोरले. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले, आणि तेथे ‘कमवा आणि शिका’ ही योजना मोठ्या प्रमाणावर अंमलात आली. मुलांनी खडी फोडावी, विहीर खणावी, शेत पिकवावे, आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात शिकावे. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेथेही हाच नियम. सुखवस्तू घरातील मुलगा आणि मजुराचा मुलगा एकाच खाणीत एकाच सुतकीने दगड फोडू लागले की श्रमाची लाज आणि जन्माचा तोरा दोन्ही गळून पडतात, अशी त्यांची श्रद्धा होती.

दानधर्म करणाऱ्या प्रत्येकाने येथे क्षणभर थांबावे असे वाटते. दानात एक सूक्ष्म हिंसा दडलेली असू शकते. घेणाऱ्याला आपण लहान आहोत याची जाणीव ज्या दानाने होते, ते दान त्याचे पोट भरते आणि मन जखमी करते. गरीब विद्यार्थ्याला व्यासपीठावर बोलावून, टाळ्यांच्या गजरात वह्या देताना छायाचित्र काढण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. त्या छायाचित्रातील मुलाच्या मुद्रेकडे कोणी निरखून पाहत नाही. भाऊरावांच्या विद्यार्थ्याला असे उभे राहावे लागले नाही. त्याने आपली भाकरी स्वतः मिळवली होती. अहिंसेचा हा पैलू फार थोड्यांनी ओळखला आहे.

देणगीदारांच्या बाबतीतही त्यांचा बाणा असाच होता. शिवाजी कॉलेजला एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली, मात्र कॉलेजला आपले नाव द्यावे अशी अट घातली. तेव्हा एक वेळ स्वतःच्या बापाचे नाव बदलीन, पण शिवरायांचे नाव बदलणार नाही, असे त्यांनी बजावल्याचे सांगतात. कथेत थोडी भर पडली असेल. पण संस्थेला पैशाची नितांत निकड असताना देणगी नाकारण्याचे धैर्य त्यांच्यात होते, यात संशय नाही. त्यांनी चालवलेल्या संस्थांना शाहू, सयाजीराव, शिवाजी, गाडगे महाराज, मौलाना आझाद अशी नावे आहेत. संगमरवरी पाट्यांवर आपले आणि आपल्या तीर्थरूपांचे नाव केवढ्या अक्षरांत असावे, यावरून जेथे सभा लांबतात, तेथे ही यादी वाचून दाखवावी.

संकटे शेवटपर्यंत सुटली नाहीत. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या प्रक्षुब्ध वातावरणात त्यांच्या एका भाषणाचा विपर्यास होऊन मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. शेकडो शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न उभा राहिला. ज्या वर्षी भाऊरावांनी गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ विद्यालये काढण्याचा संकल्प सोडला, तेच हे वर्ष! जनतेने झोळीत टाकले, शिक्षकांनी कळ सोसली, आणि अखेर संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यापाशी शब्द टाकल्यावर अनुदान पुन्हा सुरू झाले. स्वतः निरक्षर असलेला, खराटा हाती घेऊन गावे झाडणारा एक संत, आणि नापास झालेला एक संस्थाचालक, या दोघांनी मिळून महाराष्ट्राची विद्यालये वाचवली. १९५४ साली कऱ्हाडला निघालेल्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले.

या पंगतीतून उठून कोण कोठे पोहोचले, हे सांगू लागल्यास रात्र पुरणार नाही. एकच नाव पुरे. दरिद्री शेतकऱ्याच्या घरून वसतिगृहात आलेले पी. जी. पाटील पुढे इंग्लंडात जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन त्यांनी संस्थेतच अध्यापन केले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अधिक पगाराच्या जागा त्यांना मिळाल्या नसत्या असे नाही. ज्या ताटात जेवलो त्या ताटाची आठवण ठेवणारी अशी माणसे ही भाऊरावांची खरी कमाई. काले येथे लावलेल्या रोपट्याच्या आज सातशेहून अधिक शाखा आहेत, आणि २०२१ साली साताऱ्यात कर्मवीरांच्या नावाने विद्यापीठही स्थापन झाले. हे आकडे भव्य आहेत. परंतु शाखांची संख्या सांगून भाऊराव समजत नाहीत. एवढ्या शाखा आज पैशाच्या बळावर कोणीही काढील. पहिल्या वसतिगृहात मोजकीच मुले होती, आणि ती शेजारी शेजारी बसून जेवत होती. ते साताऱ्यातील कित्येकांना सहन होत नव्हते, तरी पंगत मोडली नाही.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मभूषण’ किताबाने गौरवले, आणि त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. गणितात नापास झालेला तो कोल्हापूरचा विद्यार्थी अशा रीतीने विद्यापीठाच्या पटावर आला. शरीर तोपर्यंत थकून गेले होते. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. साताऱ्यात, संस्थेच्याच आवारात, त्यांची समाधी आहे.